राष्ट्रीय नमुना पाहणीची पंचाहत्तर वर्षे : साक्षरतेच्या रकान्याचा इतिहास

स्वतंत्र भारताचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यासाठी १९४९ मध्ये केंद्र सरकारने तिघांची समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. समिती कामाला बसली आणि पहिल्याच पायरीवर अडली. शेतसारा, आयात-निर्यात, रेल्वेची मालवाहतूक यांची दप्तरे इंग्रजी अमदानीपासून नीट सांभाळलेली होती. पण घरातली माणसे काय खातात, किती कमावतात, वर्षातले किती दिवस कामावर जातात आणि किती शिकली आहेत, हे देशभराचे चित्र म्हणून कुठल्याच दप्तरात सापडत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५० मध्ये अर्थ मंत्रालयाच्या आधाराने राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ अशी झाली. देशातल्या साडेपाच लाखांहून अधिक गावांतून १,८३३ गावे निवडली गेली आणि अन्वेषक शेड्यूल, म्हणजे प्रश्नपत्रक, घेऊन त्या गावांकडे निघाले.

या पाहणीने देशाला काय दिले, यावर बोलायचे तर उपभोग-खर्च आणि रोजगार यांच्याविषयीच बोलले जाते, आणि ते योग्यही आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला तो याच पाहणीच्या आकड्यांवर, आणि दारिद्र्यरेषेवरचा पुढचा सगळा वाद त्या पायावर रचला गेला. मी मात्र शेड्यूलमधल्या एका लहानशा रकान्याचा इतिहास सांगणार आहे. कुटुंबातल्या माणसांची यादी जिथे लिहितात, तिथे नाव, नाते, लिंग, वय, वैवाहिक स्थिती यांच्या ओळीत एक रकाना असतो, ‘सामान्य शिक्षण’. त्यात दोन अंकी सांकेतिक क्रमांक लिहायचा असतो. देशातले किती प्रौढ लिहू-वाचू शकतात याचा अंदाज त्या दोन अंकांतून निघतो. आज त्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा जास्त आहे, कारण २०२१ची जनगणना झाली नाही. घरोघर जाऊन घेतलेला साक्षरतेचा शेवटचा आकडा २०११चा आहे. त्यानंतर या देशाने स्वतःच्या साक्षरतेविषयी जे काही जाणले, ते नमुना पाहण्यांतूनच.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, पण भात एका पातेल्यात सारखा शिजलेला असतो. देश तसा नसतो. म्हणून महालनोबिसांनी आणि त्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पाहणीची मांडणी थरांची केली. आधी राज्य, राज्यात प्रदेश, प्रदेशात गावांचे थर. थरातून गावे, गावातून घरे. गावात पोचल्यावर अन्वेषकाने प्रथम सगळ्या घरांचे लिस्टिंग करायचे. गाव मोठे असेल तर वाड्या-पाड्यांचे गट पाडायचे आणि त्यांतले काही निवडायचे. मग घरांची वर्गवारी करून ठरलेल्या पद्धतीनेच घर काढायचे. अन्वेषकाला आवडेल ते, रस्त्याला लागून असेल ते किंवा सरपंच सांगतील ते घर घ्यायचे नाही. शहरांत गावाच्या जागी नागरी गट येतो, आणि त्या गटांचे नकाशे ताजे ठेवण्याचे काम स्वतंत्रपणे सतत चालू असते. निवडलेले प्रत्येक घर आपल्यासारख्या किती घरांच्या वतीने उभे आहे, तो गुणक शेवटी त्याच्या आकड्याला लावला जातो. एखाद्या घरातली पन्नाशीची न शिकलेली बाई अंदाजात हजारो बायांचे वजन घेऊन येते, ते या गुणकामुळे.

महालनोबिसांची आणखी एक युक्ती या पाहणीची ओळख बनली. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या पथकाकडे सोपवायचा आणि दोघांचे अंदाज शेजारी ठेवायचे. फरक थोडा असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायचा, जास्त असेल तर कामात कुठे पाणी मुरते आहे ते शोधायचे. तागाच्या पिकाची पाहणी करताना बंगालमध्ये त्यांनी ही पद्धत घडवली होती. प्रमाण त्रुटी काढण्याची आणि क्षेत्रकामावर लक्ष ठेवण्याची सोय एकाच वेळी साधणारी इतकी साधी कल्पना त्या काळात दुसऱ्या कुठल्या देशाने एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरली असेल असे मला वाटत नाही.

पण या पद्धतीची एक मर्यादा होती, आणि ती दाखवून देणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११चा, गाव बुध. चाळीसच्या दशकात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढण्यावरून सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस शेतात लहान तुकडे कापून वजन करण्याच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो, कारण कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात. असे हजार तुकडे कापले काय किंवा दहा हजार, फुगवटा तेवढाच राहतो. नमुना वाढवला की योगायोगाची चूक कमी होते, पण सगळ्यांच्या हातून एकाच बाजूला होणारी चूक कमी होत नाही. दोन पथके तीच चूक करत असतील तर त्यांचे आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात.

पीककापणीपुरता वाटणारा हा मुद्दा साक्षरतेच्या रकान्याला जसाच्या तसा लागू पडतो. पंचाहत्तर वर्षांच्या कागदांकडे पाहताना मला तोच पुन्हा पुन्हा दिसतो.

सुरुवातीच्या फेऱ्यांत गाडी अन्नधान्य, जमीनधारणा, लघुउद्योग यांच्यामागे धावत होती. शिक्षण कुटुंबाच्या वर्णनापुरते येई. शेड्यूल कलकत्त्याला जात, तिथे पंचकार्डांवर भोके पाडून तक्ते निघत, आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यावर भारतीय सांख्यिकी संस्थेत देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आला. राज्यांनीही हळूहळू आपला नमुना जोडायला सुरुवात केली. केंद्राच्या अन्वेषकांनी जितकी गावे घ्यायची, त्याच्या जोडीला राज्याच्या अन्वेषकांनी आणखी गावे घ्यायची. महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे आहे. १९६१ मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा स्थापन झाली. पुणे विद्यापीठात व. शं. हुजूरबाजारांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या संख्याशास्त्र विभागातून शिकून निघालेली मुलेमुलीही पुढे या कामात आली.

१९७० मध्ये पाहणीची पुनर्रचना झाली. आराखडा, क्षेत्रकाम, आकडेप्रक्रिया आणि प्रकाशन अशा चार शाखा एका छत्राखाली आल्या आणि त्या छत्राला राष्ट्रीय नमुना पाहणी संघटना हे नाव मिळाले. विषय काय घ्यायचे, व्याख्या कोणत्या ठेवायच्या, अहवाल कधी काढायचे, हे ठरवायला सरकारबाहेरचे तज्ज्ञ असलेली नियामक परिषद नेमली गेली. २०१९ मध्ये ही संघटना केंद्रीय सांख्यिकी कार्यालयात मिसळून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय झाली. नाव बदलले तरी फेऱ्यांची मोजणी १९५० पासून अखंड आहे, आणि क्षेत्रकाम करणारे लोक अजूनही आपल्याला ‘एनएसएस’चेच म्हणवतात.

शिक्षणाला स्वतःची जागा मिळाली ती ३५व्या फेरीपासून, म्हणजे १९८०-८१ पासून. मग ४२वी (१९८६-८७), ५२वी (१९९५-९६), ६४वी (२००७-०८), ७१वी (२०१४) आणि ७५वी (२०१७-१८). या फेऱ्यांत शाळेची फी, शिकवणी, शाळेपर्यंतचे अंतर, गळतीची कारणे असे सगळे विचारले गेले. प्रौढांचा मात्र मुख्यतः तोच दोन अंकी क्रमांक राहिला. त्या क्रमांकांच्या यादीत देशाचा इतिहास वाचता येतो. ०१ म्हणजे निरक्षर. त्यानंतर शाळेत न जाता साक्षर झालेल्यांसाठी ०२, ०३, ०४ असे वेगळे क्रमांक आले. त्यांतला ०३ संपूर्ण साक्षरता अभियानाचा. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत कंदिलाच्या उजेडात प्रौढवर्ग भरले, आणि त्या वर्गांत अक्षरे गिरवणाऱ्या लक्षावधी माणसांना सरकारी शेड्यूलमध्ये मिळालेली जागा म्हणजे हा ०३. पुढे ०५ प्राथमिकपेक्षा कमी, ०६ प्राथमिक, ०७ माध्यमिकपूर्व, अशी शिडी पदव्युत्तरपर्यंत जाते.

आता हा क्रमांक कसा लिहिला जातो ते पाहू. पाहणीची व्याख्या स्पष्ट आहे. निदान एका भाषेत साधा मजकूर समजून वाचू आणि लिहू शकणारा तो साक्षर. जनगणनेचीही व्याख्या जवळपास तीच. १९९१ पासून ती सात वर्षे व त्यावरील वयाला लावतात. व्याख्येला नाव ठेवायला जागा नाही. प्रश्न घराच्या ओट्यावर सुरू होतो. अन्वेषक दुपारच्या वेळी पोचलेला असतो, त्याला सहा जणांच्या कुटुंबाचे अनेक पानांचे शेड्यूल पुरे करायचे असते. उत्तरे बहुतेक वेळा एकच माणूस देतो, सहसा कर्ता पुरुष किंवा त्या वेळी घरात असलेला मुलगा. अन्वेषक विचारतो, “आजींचं शिक्षण?” मुलगा म्हणतो, “शाळा नाही झाली तिची. पण सही येते. बचत गटात सहीच करते ती.” अन्वेषक हुशार असेल तर थेट आजींकडे वळतो, “आजी, चिठ्ठी आली तर वाचता येईल का तुम्हाला?” आजी हसतात, पदर सावरतात. “थोडंथोडं येतं बाळा. आता डोळ्यांना दिसत नाही.” इथे ०१ लिहायचा की ०४? सूचनापुस्तिका सांगते की नुसती सही म्हणजे साक्षरता नव्हे. पण आजींनी ‘थोडंथोडं’ म्हटले आहे. मुलाने आईची बाजू राखली आहे. आणि आजींच्या हाती कागद देऊन “वाचून दाखवा” म्हणायचा अधिकार शेड्यूल अन्वेषकाला देत नाही.

हीच ती सुखात्म्यांची कडेवरची रोपे. लाखभर घरांत हा संवाद होतो आणि बहुतेक ठिकाणी कल एकाच बाजूला झुकतो. घरच्या माणसाला निरक्षर म्हणवून घेणे कुणाला आवडत नाही. चौथीपर्यंत शिकून तीस वर्षे पुस्तक न उघडलेल्या माणसाला त्याचे शिक्षण विचारले की तो ‘चौथी पास’ म्हणतो आणि आपोआप साक्षरांत जमा होतो. या झुकण्यात कुणाचा खोटेपणा नाही. अन्वेषकाची कुचराई तर मुळीच नाही. मी या लोकांना पावसापाण्यात, एसटी चुकल्यावर चालत वाड्या गाठताना पाहिले आहे. त्यांच्या कष्टावरच ही संस्था उभी आहे. दोष मोजण्याच्या साधनात आहे. पाहणी कौशल्याचा अंदाज काढते, पण मोजते ते कौशल्याविषयीचे घरच्यांचे म्हणणे.

तरी या रकान्याने जे दाखवले ते मोठे आहे. ७५व्या फेरीत १,१३,७५७ घरे आणि ५,१३,३६६ माणसे होती. सात वर्षांवरील साक्षरता ७७.७ टक्के निघाली. पुरुष ८४.७, स्त्रिया ७०.३. ग्रामीण भागात ७३.५, शहरात ८७.७. गट जोडून पाहिले की दरी आणखी रुंद दिसते. शहरी पुरुष ९२.२ टक्के, ग्रामीण स्त्रिया ६५. शहरातला पुरुष आणि खेड्यातली स्त्री यांच्यातले हे सत्तावीस टक्क्यांचे अंतर कुठल्याही भाषणापेक्षा बोलके आहे, आणि ते नमुन्यातूनच कळले. घरच्यांचे सांगणे फुगवट्याचे असले तरी तो फुगवटा सगळ्या गटांत थोड्याफार फरकाने असणार, म्हणून गटागटांतली दरी त्यातूनही दिसते. महाराष्ट्र ८४.८ टक्क्यांवर होता, केरळ ९६.२. आंध्र प्रदेश मात्र ६६.४ टक्क्यांसह तळाला, बिहारच्याही खाली गेला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. अशा वेळी राज्याराज्यांतल्या अन्वेषकांनी व्याख्या किती कडक लावली, हा प्रश्न सहज मनात येतो. विचारून मोजलेल्या आकड्यात तो निकाली काढायची सोय नसते.

गट पाडण्याची दुसरी अडचण संख्येची. पाच लाख माणसांचा नमुना ऐकायला प्रचंड वाटतो. पण त्यातून एक राज्य घ्या, त्यातला ग्रामीण भाग घ्या, त्यातल्या अनुसूचित जमातीच्या स्त्रिया घ्या, त्यातल्या पंचेचाळीसच्या पुढच्या घ्या. हातात काहीशे माणसे उरतात. समजा चारशे उरली आणि त्यांतल्या निम्म्या साक्षर निघाल्या. अगदी साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रमाण त्रुटी अडीच टक्के येते. पण आपला नमुना गावागावांतून पुंजक्यांनी घेतलेला असतो. एका पाड्यातल्या बाया एकमेकींसारख्याच असतात, म्हणून विचरण दुप्पट धरावे लागते. त्रुटी साडेतीन टक्क्यांवर जाते. म्हणजे खरा आकडा ४३ ते ५७ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. या आकड्यावरून नंदुरबार आणि गडचिरोली यांची तुलना करायला बसणे धोक्याचे. संस्थेच्या अहवालांत सापेक्ष प्रमाण त्रुटीचे तक्ते छापलेले असतात. वर्तमानपत्रांत आकडा येतो, तो तक्ता येत नाही. हे तक्ते वाचायची सवय निदान जिल्हा नियोजन समित्यांना लागावी असे मला फार वाटते.

जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात झालेल्या ७९व्या फेरीत एक महत्त्वाची गोष्ट घडली. सर्वसमावेशक वार्षिक मॉड्यूलर पाहणीत ३,०२,०८६ घरांना विचारण्यात आले की रोजच्या जीवनातली छोटी साधी वाक्ये समजून वाचता-लिहिता येतात का, आणि सोबत साधी आकडेमोड करता येते का. शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशांकासाठी हा प्रश्न आला होता. साक्षरतेच्या शेजारी गणनक्षमतेलाही आता आकडा मिळाला. १५ ते २४ वयोगटात हे दोन्ही येणारे ९६.९ टक्के निघाले, मुलगे ९७.८, मुली ९५.९. आकडा आनंदाचा आहे. मोजण्याची पद्धत मात्र तीच, विचारून लिहिण्याची.

याच सुमारास प्रथम संस्थेच्या ‘असर’ने, म्हणजे मुंबईत उगम पावलेल्या चळवळीच्या पाहणीने, दुसऱ्या रीतीने मोजले. २०२३च्या त्यांच्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ३४,७४५ मुलामुलींच्या हातात कागद दिला गेला. दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता न येणारे सुमारे २५ टक्के निघाले. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणारे ४३.३ टक्के. पट्टीवर शून्यापासून ठेवलेल्या वस्तूची लांबी ८५ टक्क्यांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्य सोडून पुढे सरकवली की बरोबर सांगणारे ३९ टक्के. रात्री झोपण्याची आणि सकाळी उठण्याची वेळ देऊन झोपेचे तास विचारले, तर सुमारे ४५ टक्क्यांना ते सांगता आले.

दोन्ही पाहण्यांची वये पूर्ण जुळत नाहीत. ‘असर’चा तो नमुना ठरावीक जिल्ह्यांचा आहे, देशाचा नाही, त्यात शहरे नाहीत. मजकुराची काठिण्यपातळीही वेगळी आहे, आणि तीन अंकी भागाकाराला ‘साधी आकडेमोड’ म्हणायचे का यावर मतभेद होऊ शकतो. म्हणून एका आकड्यातून दुसरा वजा करून उरले ते खोटे, असे कुणी म्हणू नये. पण एका बाजूला ९७ टक्के आणि दुसऱ्या बाजूला चौघांतला एक जण दुसरीचा धडा अडखळत वाचणारा, एवढी तफावत वय आणि जिल्हे यांच्यामुळे पडत नाही. तिच्यात ‘येते’ असे सांगणे आणि करून दाखवणे यांच्यातले अंतरही असावे.

करून दाखवायला सांगणे प्रौढांबाबत शक्य आहे का? या शंकेचे उत्तर मुंबईतच देवनारला आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे केव्हापासूनच करून दाखवले आहे. ठरावीक इयत्तेपुढे शिकलेल्यांना साक्षर धरायचे आणि बाकीच्यांपुढे त्यांच्या भाषेतले एक साधे वाक्य छापलेले कार्ड धरायचे. पूर्ण वाक्य वाचले, काही भाग वाचला, काहीच वाचता आले नाही, अशी नोंद करायची. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत साक्षर ७१.५ टक्के आणि पुरुषांत ८४.४ टक्के निघाले. लाखो स्त्रियांपुढे हे कार्ड धरले गेले आणि पाहणी पार पडली. त्यात लिहिण्याची चाचणी नाही, आकडेमोडीचीही नाही. वयही पन्नाशीच्या आत थांबते. तरीही त्या आकड्याला कागद हातात घेतलेल्या माणसाचा आधार आहे.

जगात याच्या पुढची पायरी गाठली गेली आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची प्रौढ कौशल्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी साक्षरता आणि गणनक्षमता शून्य ते पाचशेच्या मोजपट्टीवर मांडते. त्यात ‘साक्षर की निरक्षर’ असे दोनच कप्पे नाहीत. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, दुकानातली सवलत, तक्त्यातला आकडा असे प्रश्न असतात. प्रत्येकाला सगळे प्रश्न दिले जात नाहीत. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे संच देतात आणि सांख्यिकी प्रारूपाने सर्वांना एकाच पट्टीवर आणतात. त्यातून एका माणसाचे गुण नेमके कळत नाहीत, पण गटाचे चित्र भरवशाचे मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवर्तनात ३१ देश आणि अर्थव्यवस्था होत्या. भारत त्यात नाही.

अमेरिकेने या पाहणीतून काढलेला काउंटीनिहाय, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकांचा, नकाशा आपल्याला खास उपयोगाचा. तिथे २०१२ ते २०१७ या दरम्यानच्या तीन टप्प्यांत मिळून १२,३३० प्रौढांची चाचणी झाली आणि ते राहत होते अवघ्या १८५ काउंट्यांत. तरी अंदाज ३,१४२ काउंट्यांसाठी प्रसिद्ध झाले. ज्या काउंटीत एकही माणूस तपासला नाही तिथला अंदाज कसा निघतो? तपासलेल्या काउंट्यांत शिक्षण, उत्पन्न, स्थलांतर, वंश यांचा कौशल्यांशी काय संबंध आहे तो काढतात, आणि मोठ्या पाहणीतून मिळालेली तीच माहिती वापरून बाकीच्या काउंट्यांना तो संबंध लावतात. याला लघुक्षेत्र अंदाजन म्हणतात. प्रत्येक अंदाजासोबत त्याचा विश्वासाचा पट्टाही दिलेला असतो, आणि काही काउंट्यांचा पट्टा चांगलाच रुंद आहे. मघाशी ज्या चारशे बायांपाशी आपण अडलो, तिथून पुढे जाण्याची ही वाट. आपल्याकडे त्यासाठी लागणारी सामग्री भरपूर आहे. जिल्ह्यांचा तपशील असलेल्या पाहण्या आहेत, राज्यांचे जोडनमुने आहेत, कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार तक्ते आहेत. नाही ते एकच, प्रौढांच्या प्रत्यक्ष चाचणीचा राष्ट्रीय नमुना.

आणि तो उभा करायला सगळ्या तीन लाख घरांत परीक्षा घ्यावी लागत नाही. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी १९३८ मध्येच दुहेरी नमुन्याची रीत मांडली होती. मोठ्या नमुन्यात स्वस्त प्रश्न विचारायचा, त्यातल्या लहान भागात महागडे मोजमाप करायचे आणि लहान भागातून कळलेल्या संबंधाने मोठ्या नमुन्याचा आकडा दुरुस्त करायचा. उदाहरणादाखल, ‘साक्षर’ म्हणून लिहिलेल्या शंभर जणांना कार्ड दिले आणि ऐंशी जणांनी वाचले, तर फुगवटा किती ते कळले. हे प्रमाण स्त्री-पुरुष, वय, शेवटची इयत्ता, गाव-शहर अशा गटांसाठी वेगवेगळे काढता येते. चौथीला शाळा सोडलेल्या साठीच्या माणसाचे प्रमाण वेगळे येईल, चौथीला शाळा सोडलेल्या पंचविशीच्या मुलाचे वेगळे. कदाचित असेही दिसेल की लिहिता-वाचता न येणारी, पण रोज बाजारात भाजी विकणारी बाई आकडेमोडीत आठवी पास मुलाच्या पुढे आहे. तिच्यासाठी आज शेड्यूलमध्ये ०१ शिवाय जागा नाही.

अडचणी आहेत. चाचणी एकान्तात घ्यावी लागेल. सुनेसमोर सासूला वाचायला लावून चालणार नाही. कार्डे बोलीला धरून असावी लागतील. पालघरच्या पाड्यावर पुस्तकी मराठीचे वाक्य दिले तर मोजले जाईल ते वाक्याचे परकेपण. दृष्टीचा प्रश्न आजींनी सांगितलाच आहे, म्हणून अक्षर मोठे हवे आणि चष्म्याची नोंद हवी. अन्वेषकांना वेगळे प्रशिक्षण लागेल. पण आता त्यांच्या हातात टॅब्लेट आहेत. कार्ड पडद्यावर दाखवता येते, वाचायला लागलेला वेळ आपोआप नोंदता येतो, आणि कार्डांचे संच घरागणिक बदलता येतात. १९५० मध्ये ज्यांनी १,८३३ गावांत कागदी शेड्यूल पोचवले, त्यांच्यापुढच्या अडचणींच्या मानाने या फार लहान आहेत.

या संस्थेने पंचाहत्तर वर्षे सांख्यिकी शिस्त पाळली. आपली प्रमाण त्रुटी स्वतः छापली. देशातल्या गरिबाचे आणि बेरोजगाराचे मोजमाप सरकारला न रुचणाऱ्या काळातही फेरीमागून फेरी चालू ठेवले. म्हणूनच ही मागणी तिच्याकडेच करावीशी वाटते. शिक्षणाच्या पुढच्या मोठ्या फेरीत दहा टक्के घरांत १५ वर्षांवरील प्रत्येक प्रौढाला एक वाचनकार्ड आणि एक हिशोबाचे कार्ड द्यावे, आणि त्यातून आलेला दुरुस्तीचा गुणक मूळ आकड्याशेजारी छापावा. केंद्राला वेळ लागणार असेल तर महाराष्ट्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने राज्याच्या जोडनमुन्यात सुरुवात करावी. सुखात्मे आणि गाडगीळ यांच्या राज्याने यात पुढे व्हावे, आणि या स्मरणिकेचे जे वाचक त्या संचालनालयात, विद्यापीठांत किंवा नियोजन समित्यांवर आहेत त्यांनी हा प्रस्ताव पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.